देवीपुढे तीन वेळा

बुद्धभूषणला कॉलेजच्या नाटकात नायकाचं काम मिळालं, तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की शेवटी मरायचंय. मरणं जमण्यासारखं होतं. अडचण त्याआधीची होती. नाटक जुनं, प्रेमाचं, रडवणारं. त्यातला नायक नायिकेला नावाने हाकच मारत नाही. ‘देवी’ म्हणतो. तिच्या तळव्यांना देऊळ म्हणतो आणि स्वतःला दाराबाहेरची चप्पल.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दोन खोल्यांत हे पाठ करायचं म्हणजे आफत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खुर्चीत पप्पा.

“देवी?” भीमरावांनी पेपर खाली केला. “बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे.”

“पप्पा, नाटक आहे.”

“मग मॅडम म्हण.”

त्यामुळे घरातली तालीम अशी चालायची: “मॅडम, या भक्ताला पायरीवर जागा द्या!” आई भाकरी थापता थापता विचारायची, “रेशन ऑफिसात गेलायस का रे?”

कॉलेजात मात्र देवी खरीच होती. राजसी. अंबरनाथहून यायची. एकदा दाल-पकवान खाताना म्हणाली, “भूषण, नाटकातलं सगळं मी खरं धरलंय हां. तू?”

भूषण चावायचं विसरला आणि पकवान तसंच गिळलं. एकोणिसाव्या वर्षी एवढा पुरावा पुष्कळ होतो.

“मग एकदा मंदिरात ये माझ्याबरोबर. माझ्यासाठी पाया पड.”

आजोबांनी छप्पन्न साली देव सोडले, तेव्हापासून त्या घरातलं कुणी मूर्तीपुढे वाकलं नव्हतं. भूषण वाकायला निघाला. घरी सांगितलं, तालीम आहे.

मंदिरात देवीच्या मूर्तीसमोर त्याने हात जोडले आणि लक्षात आलं, पुढचं येतच नाही. घंटा आधी की नंतर, प्रदक्षिणा कुठल्या बाजूने, कुणी शिकवलंच नव्हतं. हातांना विहारातली एकच गोष्ट माहीत होती. तो गुडघ्यांवर बसला, कपाळ फरशीला टेकवलं, उठला, पुन्हा टेकवलं. तीन वेळा. आणि तोंडातून आपोआप, खणखणीत निघालं, “बुद्धं सरणं गच्छामि.”

पुजाऱ्याची तीर्थाची पळी हवेतच थांबली. मग त्यांनी “घे बाळ,” म्हणून तीर्थ दिलं. राजसी मागे मोबाइल धरून उभी होती.

“आठवण म्हणून,” ती म्हणाली.

संध्याकाळी आठवण नाटकाच्या ग्रुपवर होती. वर लिहिलेलं, ‘आमच्या हिरोला साधं पाया पडता येत नाही’. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

त्याने फोन लावला. “तू खरं धरलं होतंस ना?”

“अरे, कॅरेक्टरमध्ये! सरच म्हणाले, कॅरेक्टरमध्ये राहा.”

“आणि मंदिरात?”

“तो रिसर्च. चिल ना यार, क्यूट दिसतोयस.”

क्यूटपणा फिरत फिरत विहाराच्या ग्रुपवर पोचला, तिथून पप्पांच्या मोबाइलवर. भीमरावांनी व्हिडिओ शांतपणे पाहिला, पुन्हा पाहिला.

“वंदना नीट म्हटलीस,” ते म्हणाले. “उच्चार चांगले आहेत.” आणि समोरचं ताट बाजूला सारून उठले. भूषणला थोबाडीत परवडली असती.

नाट्यस्पर्धेच्या दिवशी शेवटचा प्रवेश आला. नायकाने विषाचा पेला पिऊन देवीच्या पायांशी वाकायचं, तिथेच मरायचं, मग तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवून प्राण सोडायचे. राजसी चौथऱ्यावर उभी. भूषणने पेला रिकामा केला. आत कोकम सरबत होतं. गुडघे वाकेनात.

“वाक,” राजसी ओठ न हलवता म्हणाली. “वाक ना, सगळे बघतायत!”

“नाही जमत,” भूषण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पेला तिच्या पायाशी ठेवला आणि धडधाकट जिवंत विंगेत चालत गेला.

राजसीने इकडेतिकडे पाहिलं. प्रेत नव्हतंच. मग ती खाली उतरली, रंगमंचाच्या रिकाम्या फळ्यांवर डोकं ठेवलं आणि मेली. हॉल टाळ्यांनी हादरला. प्रियकर नसताना मरणारी नायिका परीक्षकांनी पहिल्यांदाच पाहिली होती. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिलाच.

माइकवर तिने भूषणचे आभार मानले. डोळ्यांत पाणी होतं. खरं की कॅरेक्टरमधलं, त्याला सांगता येईना. विंगेत त्याचे हात टाळीसाठी एकमेकांजवळ येऊ लागले होते. अंगरख्याला खिसे नव्हते, म्हणून त्याने ते काखांत दाबून धरले.