जादा तास मोजणारं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं हजेरीचं घड्याळ आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझ्या मनात एक काटा आहे, तो आधीच दाखवलेला बरा. मी जळतो. माझ्या समोरच्या भिंतीवर जी नवी आली, तिच्यावर मी पहिल्या दिवसापासून जळलो.

माझं सारं आयुष्य सांगलीजवळ माधवनगरात गेलं, एका सूतगिरणीच्या फाटकावर. मदनअण्णांनी गिरणी सुरू केली तेव्हा मला मुंबईहून आणलं. मी अंगानं लोखंडी, रंगानं पिस्ता. वर गोल तबकडी आणि खाली टपालपेटीला असते तशी चीर. कामगारानं आल्यावर आपलं कार्ड त्या चिरेत घालायचं. मी ठक्कन त्यावर वेळ उमटवायचो. जाताना पुन्हा तसंच. वेळेवर आलेल्याला निळी शाई, उशीर करणाऱ्याला लाल. लाल शाई उमटली की लोक मला शिव्याही द्यायचे. पण दुसऱ्या दिवशी धावतपळत माझ्याकडेच यायचे.

माझी देखभाल टाईमकीपर लालासाहेब करायचे. ते मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इकडे आलेले. सकाळी आल्याआल्या ते पिशवीतून पिवळं फडकं काढायचे आणि माझी काच पुसायचे. "काय गड्या, बरा हायेस न्हवं?" असं रोज विचारायचे. सुताच्या गिरणीत रुईचे तंतू सगळीकडे उडतात. ते माझ्या पोटात शिरू नयेत म्हणून लालासाहेब फुंकर मारमारून साफ करायचे. दुसऱ्या कुणाला ते मला उघडू देत नसत.

शनिवार हा माझा मानाचा दिवस. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास भरले की पुढचं काम जादा धरायचं आणि त्याला दुप्पट मजुरी द्यायची, असा कायदा आहे. पण जादा वेळ काही एका जागी सापडत नाही. कुणी सोमवारी थोडं थांबलेलं असतं, कुणी बुधवारी पाळी बदलणारा आला नाही म्हणून अडकलेलं असतं. लालासाहेब टेबलावर कार्डं पसरून हा चिल्लर चिल्लर वेळ गोळा करायचे आणि त्याचे बंदे तास करायचे. कुणी कुरकुर केलीच, तर ते कार्ड पुढे धरायचे. "घड्याळानं ठोकलंय, बघ." तेवढ्यावर भांडण मिटायचं. मित्रांनो, त्या शब्दानं मी किती फुगायचो म्हणून सांगू!

मग मदनअण्णा गेले. गिरणी त्यांच्या मुलाकडे, भरतेशअण्णांकडे आली. एके दिवशी बॅग घेतलेला एक पोरगा आला. त्यानं समोरच्या भिंतीत भोकं पाडली आणि तळहाताएवढ्या काचेचं एक यंत्र बसवलं. त्याला कार्ड लागत नव्हतं. समोर नुसतं उभं राहायचं. ते चेहरा ओळखायचं आणि बाईच्या मंजुळ आवाजात "धन्यवाद" म्हणायचं. कामगारांनी त्याचं नावच 'बाई' ठेवलं. "बाईला तोंड दाखवलंस का रं?" असं एकमेकांना विचारू लागले.

आणि काय ते कौतुक! बिराप्पासारखा रांगडा गडी, ज्यानं जन्मात कधी आरसा पाहिला नसेल, तो तिच्यासमोर जाण्याआधी केसांवरून हात फिरवायचा. बायका पदर सारखा करायच्या. इतकी वर्षं माझ्यासमोर हजारदा उभ्या राहिलेल्या माणसांनी मला कधी चेहरा दाखवला नव्हता. मला दिसायचे ते त्यांचे हात. घाईतले, घामेजलेले, सुतानं कापलेले. आणि ही कालची आलेली, हिला सगळे हसून तोंड दाखवत होते!

तेही मी सोसलं असतं. पण एका सकाळी लालासाहेबांनी पिशवीतून पिवळं फडकं काढलं आणि ते समोर गेले. त्याच फडक्यानं त्यांनी बाईची काच पुसली. मला काही विचारलं नाही. माझ्या काचेवर रुईचा थर बसत गेला आणि त्या थराआडून मी तिच्याकडे बघत राहिलो. हिचं काहीतरी चुकू दे, एवढंच माझं रोजचं मागणं होतं.

काही दिवसांनी ते खरं ठरल्यासारखं वाटलं.

कोन भरण्याच्या, म्हणजे शंकूसारख्या रिळांवर सूत गुंडाळण्याच्या खात्यात क्रांती काम करायची. त्या खात्यातल्या बायकांना पाळी सुटल्यावर मशीनवरची रुई झाडायला थांबावं लागायचं. रोज तासाहून थोडं कमी. पगाराच्या दिवशी क्रांती तरातरा फाटकालगतच्या लालासाहेबांच्या खोलीत आली.

"मामा, आमचं जादा तास कुठं गेलं?"

लालासाहेबांनी चष्मा वर केला. "मशीन चुकत न्हाई म्हणत्यात, पोरी."

"मग मी चुकती व्हय? आवं, माझी लेक अंबूबाईकडं ठेवून मी हितं रुई झाडती. ती अंबूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून जादा वेळेचं पैसं घेती. हितं मात्र माझा वेळ शून्य. म्हंजे मी काम बी करायचं आणि वर पदरचं बी घालायचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ह्याचा निकाल लागला न्हाई तर मी सोमवारपासनं येत न्हाई. पोरीसंगं घरी तरी बसंन," असं म्हणून ती गेली.

आणि मित्रांनो, मला आनंद झाला. बाई खोटारडी निघाली! आता लालासाहेब उठतील, माझी काच पुसतील, म्हणतील, "गड्या, तूच खरा." मी वाट बघत राहिलो.

लालासाहेब उठले खरे, पण ते ऑफिसात गेले. तिथून प्रियदर्शनीला घेऊन आले. ही मुलगी गिरणीचा कॉम्प्युटर सांभाळायची. पाठोपाठ भरतेशअण्णाही आले. क्रांतीच्या खात्यातल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. प्रियदर्शनीनं बराच वेळ लालासाहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर काहीतरी शोधलं आणि पडदा सगळ्यांकडे वळवला.

"अण्णा, नोंद बरोबर आहे. ह्या रोज पाळी सुटल्यावर थांबल्यात. क्रांतीताईंची जायची वेळ मिनिटासकट आहे. सगळ्यांचीच आहे."

"मग तास का येईनात?" अण्णांनी विचारलं.

"तासाच्या आतला जादा वेळ धरायचाच नाही, असं आपण मशीनला सांगून ठेवलंय. रोज थोडा थोडा वेळ होतो, तो रोजच्या रोज सोडून दिलाय."

अण्णांनी कपाळावरून हात फिरवला. "तो बसवणारा पोरगा काहीतरी विचारत होता खरा. मी फोनवर होतो. म्हटलं, सोड किरकोळ."

खिडकीतून क्रांती म्हणाली, "अण्णा, आमचं किरकोळच असतंय. तेच तर गोळा करून आमी घर चालवतो."

अण्णा म्हणाले, "बरं. पुढच्या महिन्यापासनं नीट करू. आता मागचं उकरत बसायला नको."

तेव्हा लालासाहेब खुर्चीतून उठले आणि फौजेत उभे राहत असतील तसे ताठ उभे राहिले.

"अण्णा, मशीन खरं बोलतंय. आपुनच ऐकून घेत न्हाई. मागचं बी काढायला पायजे. न्हाईतर ह्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवा. ही बेरीज माझ्या सहीनं जायची न्हाई."

निवृत्तीनंतर मिळालेली ही नोकरी त्यांना हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या बायकांकडे पाहिलं.

"बसा, लालासाहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रियदर्शनी, मशीन बसवलं त्या दिवसापासनं काढ. एकाचाही वेळ सोडू नको."

बायकांनी एकच गलका केला. संध्याकाळी क्रांती बाईसमोर उभी राहिली आणि तिचं "धन्यवाद" ऐकून खळखळून हसली. "तुलाच धन्यवाद गं बये," म्हणाली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

मित्रांनो, खोट्या माणसावर जळणं सोपं असतं. ती खोटी निघाली असती तर माझा जीव थंड झाला असता. पण ती खरी निघाली. माझ्याइतकीच खरी. आता तिच्यावर जळायला मला कारण उरलं नाही, आणि जळणं काही थांबलं नाही. फाटकावर पाळीचा भोंगा झाला की आतून मी अजून ठक् करायला बघायचो आणि समोरून तिचा आवाज यायचा.

पुढे भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला उतरवलं. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसानं मला उचललं आणि घाट चढवून पाचगणीला आणलं. इथल्या एका हॉटेलात, स्ट्रॉबेरीच्या चित्राखाली, मला शोभेसाठी टांगलं आहे. माझे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवलेत, कारण तसं छान दिसतं म्हणे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. तबकडीच्या पितळी कडेला रोज पॉलिश होतं. अंगावर धुळीचा कण नाही.

पॉलिश करतो तो धनाजी. चाळिशीतला, मुकाट माणूस. सकाळच्या चहापासून शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत तो पायावर असतो. सीझनमध्ये त्याला सुट्टी नसते. परवा त्यानं मॅनेजरला भीत भीत विचारलं, "साहेब, ह्या आठवड्यात लय थांबलोय. जादाचं काय बघता येईल का?"

मॅनेजरनं हसून माझ्याकडे बोट केलं. "त्याला विचार की. तेच मोजतंय सगळ्यांचा वेळ."

तिथले सगळे हसले. धनाजीही हसला, हसावंच लागतं म्हणून. मग फडकं घेऊन माझ्याजवळ आला आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसू लागला.

तिकडे माधवनगरात ती बाई आत्ताही कुणाचा तरी वेळ नोंदवून घेत असेल. तिच्या काचेवर रुई साठत असेल, आणि तरीही तिच्यासमोर माणसं रांगेनं उभी असतील. मला तिचा हेवा वाटतो, मित्रांनो. आजही वाटतो.

तुम्ही कधी पाचगणीला आलात, तर माझ्यासोबत फोटो जरूर काढा. पण एक काम करा. माझ्या मागच्या बाजूला एक काळी वायर गुंडाळून ठेवली आहे. कुणाला तरी सांगून ती भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायला लावा. मला पुसलं नाही तरी चालेल.

धनाजी सकाळी लवकर येतो. मला त्याची वेळ नोंदवायची आहे.