साहेबांच्या हाताची थरथर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात त्यांना साहेबच म्हणायचं. पाणीपुरवठा खात्यातली खुर्ची गेली, टेबलावरची घंटी गेली, तोरा मात्र सोबत घरी आला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

फक्त उजवा हात थरथरायचा. पेला उचलला की पाणी शर्टावर, चमचा उचलला की घास मांडीवर. म्हणून बायकोने शिलाईच्या दुकानातलं कटिंगचं काम सोडलं आणि या थोराड बाळाला भरवायला घेतलं. साहेबही असे ऐटीत आ वासायचे, जणू जेवून तिच्यावर उपकारच करत होते.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी किरणांचा उपाय सांगितला. डोक्याला स्क्रूंनी धातूची चौकट बसवायची, एमआरआयच्या चित्रात नेमकी जागा हेरायची आणि मेंदूतल्या त्या वाटाण्याएवढ्या ठिपक्यावर किरण सोडायचे. चिरफाड नाही, टाके नाहीत.

"फरक मात्र लगेच दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "काही महिने धीर धरा."

तिने धरला. दुकानाच्या मालकिणीने तिची जागा अजून भरली नव्हती. "तपासणी झाली की काय ते सांग, जमणार नसेल तर मी दुसरी बघते," असं ती म्हणाली होती. त्या कात्रीसाठी हिचा जीव तळमळत होता. कापडावर खडूची रेघ ओढून पहिला काप घातला, की तिला जगाचं भान राहत नसे. घरात तर साहेबांची हाक आली नाही असा क्षण सापडणं मुश्कील.

महिने गेले. साहेब येईल त्याच्यासमोर थरथरता हात पदकासारखा पुढे धरायचे.

"कसले किरण अन् कसलं काय! बटण दाबलं की दिवा लागतो. यांचा दिवा म्हणे पुढच्या वर्षी लागणार! फसवलं हो आम्हाला."

पाहुणे हळहळायचे, साहेब सुस्कारा टाकायचे, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसायची.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर चकलीसारखी वेटोळी रेघ काढायला लावली. साहेबांनी काढलेली रेघ पाहून वाटावं, कागदावर कोंबडी नाचून गेली. बाईंनी एमआरआयचं नवं चित्र पुन्हा न्याहाळलं. किरण अगदी हवे तिथेच लागले होते.

"आता उजवा हात असाच पुढे धरा," त्या म्हणाल्या, "आणि डाव्या हाताने माझ्याबरोबर टेबलावर ताल धरा."

बाईंनी सावकाश टिचक्या मारल्या. साहेबांचा डावा हात सावकाश, आणि उजवाही सावकाश थरथरू लागला. बाईंनी ताल वाढवला, थरथरही धावली. बाई थांबल्या, तशी थरथर थांबली. सबंध आयुष्य वरिष्ठांच्या तालावर नाचलेला माणूस, हात तरी दुसरं काय करणार!

"मेंदूतली थरथर दुसऱ्या हाताचा ताल पाळत नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा हात बरा झालाय. अभिनंदन."

तिचं अंग रागाने पेटलं. बाहेर बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"झाला असेल महिना," साहेब चपलेकडे बघत म्हणाले.

महिनाभर तिने या माणसाची हनुवटी पुसली होती! तिने तिथल्या तिथे मालकिणीला फोन लावला. "कात्रीला धार लावून ठेवा. उद्या सकाळी येते."

फोन ठेवल्यावर साहेब पुटपुटले, "अगं, हात बरा झाला म्हटलं असतं तर तू लगेच निघाली असतीस. दिवसभर घरात मी एकट्याने काय करायचं? मला भीती वाटते."

एवढ्या वर्षांत साहेब पहिल्यांदाच साहेबासारखे बोलले नव्हते. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं, पण राग काही ओसरेना.

"मग तसं सांगायचंत ना मला," ती उठत म्हणाली. "हात थरथरत होता तुमचा. तोंडाला काय झालं होतं?"