ठणठणीत गाडीचा आजार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, एवढा खुलासा आधीच करते. कारण या दोन शब्दांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. माझं वय अठ्ठावीस. माणसांत या वयाला लग्नाचं विचारतात, गाड्यांत भंगाराचं.

माझा जन्म एका लांबच लांब सरकत्या पट्ट्यावर झाला. माझ्या पुढे एक निळी, मागे एक निळी आणि मीही निळी. कुणाला दारं बसत होती, कुणाला दिवे. शेवटी एका तपासनिसाने माझ्या टपावर टिचकी मारली आणि "चालेल" म्हटलं. गाडीच्या जातीला याहून मोठा आशीर्वाद नाही.

मला घ्यायला दोन भाऊ आले होते. धाकटे जमीन मोजण्याच्या खात्यात होते. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. ते माझे मालक. थोरले म्हणजे दादा, जन्मभर ट्रक चालवलेले. मालकांना जमिनीचा इंच न् इंच कळे, पण क्लच कळत नव्हता. तो दादांनी शिकवला. शेजारच्या सीटवर बसून ते ओरडत, "अरे छोट्या, गिअर बदलतोयस की दात उपटतोयस?" आणि पंचेचाळीस वर्षांचे छोटे निमूटपणे ऐकून घेत.

पुढे मी खूप राबले. मोजणीचे खांब आणि फिती वाहिल्या. मालकांच्या चिरंजीवांना शाळेत पोचवलं. मागच्या सीटवर त्यांना तीनदा उलटी झाली, तीही पोटात घातली. परीक्षेला वेळेवर नेलं त्या दिवशी घरात सगळे म्हणाले, "गाडी असावी तर अशी!" मग चिरंजीव मोठे झाले, त्यांनी स्वतःची नवी गाडी घेतली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीशी माझं बरं जमलं. तीही कुठे जात नव्हती.

मालक मात्र रोज येऊन माझ्यात बसत. घरात टीव्हीपुढे काही ऐकू येत नाही, म्हणून दादांना फोन करायचा तो माझ्यात बसून, आवाज मोठा ठेवून. दादा राहत देशाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या मुलीकडे. एका दिवशी दादा म्हणाले, "छोट्या, पाय गेले रे माझे. आता खुर्चीत बसवतात आणि खुर्चीतून उठवतात. डॉक्टर म्हणतो, पुढं बसणंही जाईल. त्याआधी गाडी घेऊन ये. मला एकदा पुढच्या सीटवर बसव आणि इथल्या घाटाच्या माथ्यापर्यंत ने."

"अरे दादा, टॅक्सी कर ना. आजच्या आज जाशील."

"टॅक्सीवाला माझ्या शिव्या खाईल का? गिअर चुकवायला तूच पाहिजेस."

मालक हसले. अंतर एक हजार नऊशे चाळीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकतीस कलमांची यादी केली.

मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. मालकांनी पट्टी घेऊन टायरच्या नक्षीची खोली मोजली. पंख्याचा पट्टा, पाण्याचे पाइप, ब्रेकचं तेल, वायपरचं रबर, सगळं तपासलं. जादाचं चाक बाहेर काढून त्यातही हवा भरली. आपल्यात किती हवा आहे हे कुणीतरी विचारलं, म्हणून ते बिचारं गहिवरलं. शेवटी मला मिस्त्रींकडे नेलं. माझी सगळी दुखणी या एकाच माणसाने काढली होती. ते दोन दिवस माझ्यावर राबले आणि म्हणाले, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. एवढं बारकाईनं तर मी बायकोकडेही कधी बघितलं नाही. बिनधास्त निघा."

त्याच संध्याकाळी चिरंजीव गॅरेजात आले.

"मिस्त्री, गाडीत काहीतरी खोट काढा."

"काय काढू? काही नाहीच."

"तेच तर! बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. विमानानं दोन तासांत जा म्हटलं, तर विचारतात, विमान घाटात थांबतं का? वाटेत काही झालं तर लोक मला काय म्हणतील?"

चिरंजीवांना काळजी वडिलांची होती की लोकांच्या म्हणण्याची, हे मला बॉनेटखालून नीट दिसलं नाही. दोन्ही असाव्यात. मिस्त्री बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं, "साहेब, क्लच प्लेट जरा शंकास्पद वाटतेय. पार्ट मागवतो."

अशी मी आजारी पडले. क्लचनंतर रेडिएटर आजारी पडला, मग स्टेअरिंगचा रॉड. मिस्त्री रोज बॉनेट उघडत, आत बघून उसासा सोडत आणि बॉनेट लावत. माणसाला बरं करायला विद्या लागते. बऱ्याला आजारी ठरवायला नुसता उसासा पुरतो. मालक रोज चालत गॅरेजात येत, माझ्यात बसून फोन करत.

"निघालास का रे?"

"नाही, दादा. गाडी गॅरेजात आहे."

"अजून? दुरुस्त करतोयस की नवी बांधतोयस?" दादा हसायचे. पहिल्या आठवड्यात हसून झाल्यावर बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात हसून झालं की खोकायचे. चौथ्यात म्हणाले, "आता अर्धा तास बसता येतं, छोट्या. घाट पाऊण तासाचा आहे. पण तू ये. पाव तास मी तग धरीन."

त्या दिवशी मालकांनी गॅरेजातून मला सरळ घरी आणलं. मिस्त्री अडवायला पुढे आले आणि, देव जाणे का, बाजूला झाले. त्यांच्याकडचे आजार संपले असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. सामान डिकीत गेलं. दादांच्या पाठीला टेकायला दोन उशा पुढच्या सीटवर ठेवल्या. पाण्याचे कॅन, टॉर्च, नकाशा. मालक आंघोळीला गेले आणि चिरंजीव खाली आले. हातात मोबाइल होता, त्यावर कुणीतरी गाडीचे भाग समजावून सांगत होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, कडेच्या डबीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रिले उपटला आणि खिशात टाकला. काडेपेटीपेक्षाही लहान काळा ठोकळा. अठ्ठावीस वर्षांत चिरंजीवांनी माझ्यासाठी शिकलेलं हे एकमेव काम.

मालक नवा शर्ट घालून आले. किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, मी जीव तोडून फिरले, पण पेट्रोलच येईना. पुन्हा. पुन्हा. चौदा वेळा. मला ओरडून सांगायचं होतं, पण गाडीला सांगायला एक हॉर्नच असतो आणि तोही दुसऱ्यानं दाबायचा असतो.

चिरंजीवांनीच फोन करून मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. रिकामी खोबण त्यांना पहिल्याच नजरेत दिसली. त्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी आभाळाकडे पाहिलं.

"काय झालंय, मिस्त्री? खरं सांगा," मालक म्हणाले.

मिस्त्रींच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. "साहेब, हिचं काही खरं नाही. लांबचा पल्ला नाही झेपायचा."

मालकांनी माझ्या डॅशबोर्डवर हात फिरवला. "तुझा काय दोष? आपलं दोघांचंही वय झालं," म्हणाले. मग तिथेच बसून त्यांनी फोन लावला.

"दादा, नाही जमत रे. ऐन वेळी गाडीनं दगा दिला."

"दगाबाज निघाली तर लेकाची," दादा म्हणाले. "असू दे. तू जपून राहा."

नवव्या दिवशी दादा गेले. मालक विमानाने गेले, दोन तासांत पोचले. वेळेवर पोचले असं चिरंजीव सगळ्यांना सांगत होते.

पंधरा दिवसांनी चिरंजीवांनी मला विकायचं मनावर घेतलं. बंद गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून त्यांनी तो ठोकळा जागच्या जागी बसवला आणि किल्ली फिरवली. मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. नको होतं व्हायला, पण सवय. मागे पाहिलं तर मालक दारात उभे.

"कोणता भाग बदललास?"

"बदलला नाही, बाबा." चिरंजीवांचा आवाज परीक्षेला निघाल्यासारखा झाला. "मीच काढून ठेवला होता."

"दाखव."

त्यांनी तो उपटला; मी धाप लागल्यासारखी बंद पडले. मालकांनी ठोकळा तळहातावर घेऊन सवयीने अंगठ्याने मोजला. "एवढासाच?"

"बाबा, वाटेत तुम्हाला काही झालं असतं तर?"

"तर वाटेत झालं असतं." आवाज चढला नाही, हेच वाईट. "दादा हिला दगाबाज म्हणून गेला रे. आणि मी ते ऐकून घेतलं."

मग त्यांनी स्वतः तो ठोकळा बसवला, आत आले, दार ओढून घेतलं. मी सुरू झाले. टाकी भरलेली, टायर कडक, क्लच लोण्यासारखा. एकोणीसशे चाळीस किलोमीटर मी न थांबता गेले असते. मालक पहिल्या गिअरवर हात ठेवून बसले. शेजारच्या सीटवरून कुणी ओरडलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी किल्ली उलटी फिरवली. कुणाकडे जाणार?

मित्रांनो, आमच्या जातीच्या गोष्टींत शेवटी मुलांना विनंती करायची असते, की आमची काळजी घ्या. माझी विनंती उलटी आहे. जुन्या गाडीत बिघाड असेल तर दुरुस्त करा. नसेल तर कृपा करून शोधू नका. आणि कुणाची काळजी वाटून हात शिवशिवलेच, तर बॉनेट उघडण्याआधी एवढं विचारा, की बाबा रे, तुला कुठे जायचंय? मग त्याच्या उशा नीट ठेवा आणि फाटक उघडा.