अंगणातलं रंगून

इंदूबाईच्या घरात माणसं चार, पण समोरासमोर बोलू शकतील अशी जोडी शोधायची म्हटली तर पंचाईत. सून सत्यशीला सासऱ्याशी बोलत नसे. तो दिसला की पदर पुढं ओढून आत सरकायची. सासरा उकंडा सुनेशी बोलत नसे. तहान लागली तर ‘घरात पानी हाये का?’ असं भिंतीला विचारायचा. मुलगा धर्मपाल आईबापांदेखत बायकोशी बोलत नसे, आणि बापापुढं तर ‘हो बाबा’च्या पलीकडं त्याची गाडी जात नसे. उरली इंदूबाई. सगळ्यांचं बोलणं तिच्यातून जायचं, आणि जाता जाता ती ते सुपातल्या डाळीसारखं निवडून घ्यायची. खडा दिसला की बाजूला. घरात इतक्या वर्षांत कधी मोठं भांडण झालं नाही, याचं सगळं श्रेय ती मनातल्या मनात स्वतःकडं घेत असे. घ्यायला हरकतही नव्हती.

पण एकोणीसशे साठ सालच्या दिवाळीनंतर तिच्या या कामाची खरी परीक्षा झाली, ती रंगूनपायी.

धर्मपाल वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता. मुकुटबनच्या बौद्धपुऱ्यातला पहिला शिकलेला पोरगा. त्याला सरकारनं दीड वर्षाच्या ट्रेनिंगसाठी जपानला पाठवायचं ठरवलं, आणि बायकोला सोबत न्यायची परवानगीही मिळाली. कलकत्त्याहून जहाज निघणार. पहिला मुक्काम रंगून. तिथं जहाज दोन दिवस थांबणार.

खाणीतला बंगाली साहेब हसून म्हणाला होता, “नवं लग्न आहे तुझं. रंगूनला उतर आणि दोन दिवस हनिमून करून घे.” धर्मपालनं हे विहिरीच्या वाटेवर घाईघाईत सत्यशीलेला सांगितलं. सत्यशीलेनं ते कापूस वेचता वेचता सासूला सांगितलं.

“म्हंजे जत्रा असते का?” इंदूबाईनं विचारलं.

“नाई आत्याबाई. नवराबायकोनं फिराले जायचं.”

“संगं कोन?”

“कोनीच नाई. दोघंच.”

“दोघंच म्हंजे?”

“दोघंच,” सत्यशीला म्हणाली, आणि कापसाच्या बोंडात तोंड घालायचं तेवढं बाकी राहिलं.

इंदूबाई हसली नाही. तिनं मनातल्या मनात हिशेब जुळवून पाहिला. लग्नाला सहा महिने झाले होते. घर एका खोलीचं. धर्मपाल खाणीवर चार गड्यांबरोबर एका खोलीत राहायचा आणि रविवारी यायचा, तर रविवारी आख्खा पुरा त्याला जपान विचारायला येऊन बसायचा. जहाजावरही स्वस्तातल्या तिकिटाला बाया एकीकडं आणि माणसं दुसरीकडं. जपानात तो सकाळी जमिनीखाली जाणार तो सांजेला वर येणार. म्हणजे पोरीला नवरा मिळायचा तो रंगूनला. दोन दिवस.

रंगून कसं असतं हे सांगायला माणूसही गावाजवळच होता. तांड्यावरचा भावसिंग दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत होता आणि खेचरं हाकत पार रंगूनपर्यंत गेला होता. तो आला, उकंडानं दिलेला चहा प्याला, आणि सारवलेल्या अंगणात काठीनं रंगून काढायला बसला. आधी नदी. नदीकाठी धक्का. धक्क्यावरून सरळ जाणारे रस्ते. मग एक मोठं गोल, ते सोन्याचं चैत्य, ‘दुरूनच दिसते गा, डोये दिपते.’ आणि त्याच्या बाजूला एक लांबट, वाकडं गोल.

“हे काय?” उकंडानं विचारलं.

“तळं हाये. सांजच्यान तठी बाया-मानसं जोडीनं बसते. भजे खाते, चहा पेते. तू कोन्या जातीचा, कोन्या गावचा, कोनी नाई विचारत. म्या खेचराचा मानूस, मले कपात चहा देल्ला. त्याच कपात दुसऱ्या साहेबाले देल्ला.” भावसिंग काठी थांबवून तळ्याकडं पाहत राहिला. “मी लय जागा पाह्यल्या. पन तशी नाई पाह्यली.”

दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. इंदूबाईला ते ऐकू आलं. वणीच्या नाक्यावरच्या हॉटेलात अजून पुऱ्यातल्या लोकांची कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असायची, आणि पिऊन झाली की ज्याची त्यानं विसळायची. सत्यशीला लग्न होऊन आली त्या दिवशी वरातीची मोटार तिथंच थांबली होती. तिनं चहा घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई शेणाचं टोपलं घेऊन अंगणात आली आणि रंगूनच्या कडेकडेनं सारवून गेली.

इथं उकंडाचं सांगायला हवं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. देवळी रिकामी झाली. पुऱ्यानं मिळून कुडाच्या भिंतींचं, टिनाचं विहार उभारलं, आत सिमेंटचा चबुतरा केला, आणि चबुतऱ्यावर बुद्धाचा चौकटीतला फोटो ठेवला. चार वर्षं तो फोटोच होता. रंगूनचं नाव ऐकताच उकंडाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुद्धाचा देश! त्यानं कोणाला न विचारता विहारातल्या बैठकीत सांगून टाकलं, “येत्या वैशाख पौर्णिमेले रंगूनची मूर्ती बसन. माहा पोरगा धाडन. हा माहा शब्द हाये.”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. उकंडा घरी आला तो छाती पुढं काढून, आणि अंगणातल्या रंगूनवर खडे मांडू लागला. “पयल्या दिवशी मूर्तीवाल्याचं दुकान. हा खडा. मंग खोकं बनवनं, गवत भरनं. दुसऱ्या दिवशी कस्टम हापिस. मंग कलकत्त्याच्या जहाजावर चढवनं. कागदं लय असते म्हने, दिवस जाईन.”

“आन सून?” इंदूबाईनं विचारलं.

“बाईमानसाले कायले फिरवायचं? ते जहाजावर सामानापाशी बसन.”

दाराआड काहीतरी खाली पडलं. पितळी लोटा असावा.

संध्याकाळी सत्यशीला चुलीपाशी म्हणाली, “आत्याबाई, मामाजींले सांगा, मले सामान राखाले रंगूनले नाई जायचं. त्यापरीस मी इथंच राह्यते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि धूर फारसा नव्हता.

इंदूबाईनं नवऱ्याला भाकरी वाढताना सांगितलं, “सून म्हनते, तळं बी पाहून घेतलं असतं तं बरं झालं असतं.”

“पाहीन ना, जहाजावरून,” उकंडा म्हणाला. चाळून चाळून बोलण्यात काही उरलंच नव्हतं, तर त्याला तरी काय कळणार?

सकाळी अंगणातल्या तळ्यावर एक तुरीचं पिवळं फूल ठेवलेलं होतं.

उकंडानं ते उचलून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फूल. त्यानं पुन्हा टाकलं आणि त्या जागी कस्टमच्या कागदांचा एक जास्तीचा खडा ठेवला. तिसऱ्या दिवशी खडा बाजूला, फूल तळ्यावर. इंदूबाई दोघांचंही पाहत होती. सून पहाटे पाण्याला जाताना बांधावरून फूल आणायची, सासरा दात घासता घासता फेकायचा. एक शब्द न बोलता दोघांचं असं कडाक्याचं भांडण चाललेलं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि यात निवडायला, चाळायला तिला काही मिळत नव्हतं.

रविवारी धर्मपाल आला. बापानं खड्यांवरून त्याला दोन्ही दिवसांचं काम समजावलं. धर्मपाल फुलाकडं पाहत राहिला. त्याला ते कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. तो तोंड उघडणार असं इंदूबाईला वाटलं.

“हो बाबा,” धर्मपाल म्हणाला.

इंदूबाईला पोराचा असा राग आला की त्याच्या ताटात तिनं दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही.

निघायला आठ दिवस उरले. त्या सकाळी उकंडा फूल हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काय वं धर्माची माय, हे फूल कोन ठेवून राह्यलं इथं? रोज फेकतो, रोज हाजर!”

घरात जातं फिरत होतं, ते थांबलं.

‘वाऱ्यानं आलं असन’, हे इंदूबाईच्या जिभेवर आलं होतं. असली वाक्यं तिच्याकडं तयारच असायची. पण तिनं ते गिळलं.

“म्या ठेवलं,” ती म्हणाली.

“तू? कायले?”

“पोराईनं तठी बसावं म्हनून. दोघांनी.”

“बसून काय होते? विहारात चबुतरा मूर्तीबिना पडून हाये, आन हे तळ्यावर बसते!”

इंदूबाईनं शेणाचं टोपलं खाली ठेवलं. “तुमाले नागपूरची याद हाये?”

“म्हंजे? हे काय इचारनं झालं? जन्मात इसरन का?”

“काय याद हाये?”

उकंडाचा आवाज बदलला. “सारंच. ते मैदान. पांढरे कपडे, जिकडं पाहाल तिकडं पांढरे. बावीस प्रतिज्ञा. म्या रडलो होतो. तू बी रडली होती.”

“रडली होती. प्रतिज्ञा मले बी साऱ्या पाठ हायेत.” ती थांबली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं, पण आता मागं फिरायची सोय नव्हती. “पन मले अजून एक याद हाये. टेसनावर उतरलो तवा ते गर्दी पाहून तुमी माहा हात धरला. मी हरपन म्हनून. टेसनापासून मैदानापर्यंत धरला, आन मैदानापासून टेसनापर्यंत धरला. दोन दिवस. त्याच्या अगोदर कधी नाई, आन मंग बी कधी नाई. इथं नाक्यावर मोटारीतून उतरलो, तसे तुमी पुढं आन मी मांगं. चार सालं झाली. मी कापूस येचते, भाकरी थापते, आन तो हात मले याद येते. तेवढंच हाये माह्याजवळ, दोन दिवसाचं. तेवढं तिले बी असू द्या ना.”

उकंडानं आपल्या हाताकडं पाहिलं, जणू त्या हातानं आपल्या माघारी काय काय केलं होतं ते त्याला आजच कळत होतं. मग तो खाली बसला.

“सुनेचं बी हेच म्हननं हाये का?”

“ते सुनेलेच इचारा,” इंदूबाई म्हणाली. “मी आता नाई सांगत.”

उकंडा सवयीनं भिंतीकडं वळला. “घरात...” एवढं म्हणून थांबला. घसा खाकरला. मग दाराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, “सत्यशीला! बाई, हे फूल तू ठेवत होती का?”

दाराआड बांगड्या वाजल्या. मग दाराआडून, कापरा पण स्वच्छ आवाज आला, “हो, मामाजी.”

सहा महिन्यांत सासऱ्यानं सुनेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. इंदूबाईला हुंदका आला. तो तिनं दाबला नाही.

त्या संध्याकाळी विहारात उकंडाला जे ऐकून घ्यावं लागलं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. विहार समितीचा श्रावण म्हणाला, “उकंडा, शब्द देल्ता तू!” उकंडा म्हणाला, “देल्ता. आता वापस घेऊन राह्यलो. मूर्ती पोरगा परतीच्या वक्ताले संगं घेऊन येईन. दीड साल फोटोलेच वंदन करा. चबुतरा कुठी पळून नाई चालला.” मागून कोणी तरी हसलं. टाळ्या अर्थातच पडल्या नाहीत. घरी येताना त्याची मान खाली होती, पण अंगणात येऊन त्यानं एकेक खडा वेचला आणि कुंपणापलीकडं फेकला. चैत्यावरचा तेवढा राहू दिला. “दर्शन घ्याले सांगजो,” तो इंदूबाईला म्हणाला, आणि मग स्वतःच दाराशी जाऊन पुन्हा म्हणाला, “दर्शन घेजा बाई. दोघं मिळून.”

पोरं गेली. मोटारीच्या खिडकीतून सत्यशीलेनं सासूला नमस्कार केला आणि सासऱ्याला म्हणाली, “आमी येतो, मामाजी.” भर नाक्यावर, लोकांदेखत. धर्मपालचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर इंदूबाई सारवायला बसली. आता रंगून ठेवायचं कारण नव्हतं. तिनं नदी सारवली, धक्का सारवला, रस्ते सारवले. चैत्याला आधी हात जोडले आणि मग तेही सारवलं. तळ्यापाशी तिचा हात थांबला. उकंडा बाजेवरून पाहत होता. तो उठला, पंचा झटकला, आणि तळ्याच्या काठाशी येऊन मांडी घालून बसला.

“बस,” तो म्हणाला.

तिनं हात धुतले आणि दोन हात अंतर सोडून बसली.

“इतक्या दूर कायले?”

ती सरकली. त्यानं तिचा हात घेतला. शेणाचा वास अजून गेला नव्हता. रस्त्यानं शेजारची शकुबाई डोक्यावर जळणाच्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन चालली होती. ती थबकली, भाऱ्याखालून डोळे वर करून पाहू लागली. दिवसाढवळ्या, उघड्या अंगणात, हात धरून!

“इंदू, काय करून राह्यले वं तुमी दोघं?”

इंदूबाईनं हात सोडवून घेतला नाही, आणि चाळून-निवडूनही काही सांगितलं नाही.

“रंगूनले आलो,” ती म्हणाली.