आजार पिणारं फूल

सभागृहात मुंगीलाही वाट नव्हती. मंचावर बाबा, बाबांपुढे कुंड्या आणि कुंड्यांत उंच डोंगरमाथ्यावरून आणलेली जांभळी फुलं.

"हे फूल तुमचा आजार पिऊन टाकतं," बाबा नाक पुसत म्हणाले. त्यांना स्वतःला सणसणीत पडसं झालं होतं. "कुंडी निर्मळ ठेवा. दुसरी काडी उगवू देऊ नका. फूल टवटवीत, तर तुम्ही टवटवीत. सुकलं, तर वरचं बोलावणं समजा. मग डॉक्टर येवो नाहीतर डॉक्टरचा बाप!"

लोक हसले. आईही हसली. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. लेकीला तेवढ्यानेही बरं वाटलं.

आईचा जन्म शिवणकामात गेलेला; जमिनीवर दोऱ्याचा तुकडा दिसला तरी तिला चैन पडत नसे. बाबांकडून घेतलेली कुंडी घरी आणताच तिने फुलाच्या बुडाशी वाढलेलं गवत मुळासकट उपटलं. थोड्याच दिवसांत फुलाने मान टाकली. आईने गुपचूप गोळ्या सोडल्या. लेकीने विचारलं की म्हणायची, "घेतली गं बाई!"

खोकल्यातून रक्त आलं, तेव्हा मशीनच्या खणात गोळ्यांचा ढीग सापडला.

"अगं आई, का?"

"फूल गेलं ना. आता कशाला तोंड कडू करायचं?"

शेजारच्या काकूंनी बाबांकडूनच आणलेलं फूल मात्र बहरलं होतं. लेकीने मावशीला बोलावलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. काकूंच्या कुंडीतलं ढेकूळ तिने बादलीत हलकेच धुतलं. फुलाची मुळं बारीक गाठींनी गवताच्या मुळांना चिकटलेली.

"हे अर्धं परजीवी," मावशी म्हणाली. "पान हिरवं, पण पाणी दुसऱ्याच्या मुळातलं ओढतं. गवत काढलंस ताई, तिथेच ते मेलं. बाबाला हे पक्कं ठाऊक आहे. जो त्याचं ऐकेल, त्याचंच झाड मरतं. मग तो माणूस रडत पुन्हा बाबाच्याच पायाशी."

"म्हणजे माझा आळस फळला म्हणायचा!" काकू म्हणाल्या आणि आईकडे लक्ष जाताच त्यांनी जीभ चावली.

आईने त्या गाठींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आण त्या गोळ्या."

पण मधल्या खंडात जंतू मुरले होते. त्या गोळ्या त्यांना पुरेनात, आणि दुसऱ्या औषधांना पुरण्याइतकी आई उरली नव्हती.

आता लेक दवाखान्याच्या बाकांवरच्या लोकांना सांगते, "फुलाला तुमचा आजार कळत नाही. त्याला गवत लागतं, तुम्हाला औषध लागतं. कुणी काहीही सांगो, पडताळून पाहा. गोळी सोडू नका."

परवा एका बाईने सगळं मन लावून ऐकलं, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "खरं आहे गं पोरी. पण ते बाबा हल्ली बसतात कुठे?"