पुस्तकाची वाटणी

बाइंडर लॅम्बर्टने पुस्तक टेबलावर उघडलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि सुरी काढली.

"गाणं शिकवणारा अर्धा भाग कुणाचा, अन् चाल बांधायला शिकवणारा कुणाचा?"

"चालींचा माझा," अँब्रोज बायकोकडे, थॉमसिनकडे, बघत म्हणाला. "तुझ्या भावाला सांग, गाणं शिकायची गरज त्यालाच जास्त आहे."

"तुझ्या नवऱ्याला सांग," हम्फ्री म्हणाला, "बेसुऱ्याने चाली बांधू नयेत."

थॉमसिनने कपाळाला हात लावला. हम्फ्रीचं डुक्कर अँब्रोजच्या कोबीत शिरलं, तेव्हापासून हा अबोला. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून लंडनहून आणवलेलं पुस्तक. सगळ्या नॉर्विचमध्ये दुसरं नाही. भांडण झालं तरी हम्फ्री दर रविवारी यायचा तो एवढ्यासाठीच. पुस्तक फाटलं की भाऊ कशाला हा उंबरा चढतोय!

"शेवटचं गाणं एकदा म्हणू या," ती म्हणाली. "ते नीट पुरं झालं की खुशाल कापा."

यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्या पानांवर चार आवाजांच्या ओळी चार दिशांना तोंड करून छापलेल्या. पुस्तक मधे ठेवून चौघांनी टेबलाच्या चार बाजूंना बसायचं. चौथ्या बाजूला लॅम्बर्टला बसवलं.

सुरुवात झकास झाली. गाण्याच्या चौथ्या ओळीवर सगळं कोसळलं.

"मेव्हण्या, घाई केलीस!"

"मी? दाजी, तुम्हीच पेंगलात!"

बोलून गेल्यावर दोघेही चपापले. लॅम्बर्टने खोकून पुन्हा ताल धरला. पुन्हा चौथी ओळ, पुन्हा बोजवारा.

"तुझ्यापेक्षा तुझ्या डुकराला ताल बरा कळतो!"

"कळणारच! तुमचे कोबी खाऊन अंगात भिनलाय."

अँब्रोजने हसू दाबायला बिअरचा पेला तोंडाला लावला आणि ती नाकातून आली. हम्फ्री टेबल बडवत हसला. पाठीवर थापा मारता मारता मेव्हण्याचा हात दाजींच्या खांद्यावरच राहिला.

तिसऱ्यांदाही गाणं तिथेच अडलं.

"आता मात्र मला कळलं, चुकतंय कुणाचं," लॅम्बर्ट म्हणाला. "ही जी बाजू आहे ना..."

"माझंच चुकतंय," हम्फ्री घाईने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला असावा. "खालच्या सुरात दम पुरत नाही. पुढच्या रविवारी बसू, दाजी?"

"बसू की. गाणं पुरं झाल्याशिवाय कापायचं नाही, असं ठरलंय. शब्द म्हणजे शब्द."

लॅम्बर्टने खांदे उडवले आणि सुरी म्यानात घातली.

थॉमसिन भावाला दारापर्यंत पोचवायला गेली. त्याने टोपी चढवली, आत एकवार डोकावलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"पुढच्या खेपेला जरा वेगळ्या ओळीवर चूक कर, ताई. दाजी इतकेही बहिरे नाहीत."