नातेवाईक कोण?

आयसीयूतल्या मोठ्या सिस्टरांची आई गेली आणि पाचव्या दिवशी बाई कामावर हजर. बरं, नुसत्या हजर नाहीत. सलाईनची सुई पहिल्याच फटक्यात शिरेत, औषधांच्या वेळा मिनिटावर, चूक म्हणून सापडायची नाही. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, नव्या पोरींवर डाफरल्यासुद्धा नाहीत. आणि खरं सांगू? सगळ्यांचं धाबं दणाणलं ते या शेवटच्या गोष्टीनं. उशी उलटी ठेवली म्हणून अठ्ठावीस वर्षं ज्या बाईनं पोरींची हजेरी घेतली, ती आता उलटी उशी बघायची, सरळ करायची आणि पुढच्या बेडकडे जायची. तीन आठवडे हे असं चाललं. मग मेट्रननं त्यांना कानकाकांकडे धाडलं.

आता कानकाका कोण? तर हॉस्पिटलातल्या पेशंटांना, आणि त्याहून जास्त तिथं राबणाऱ्या माणसांना, मनाचा आधार द्यायला एक गृहस्थ नेमले होते. पाटीवरचं त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक, की शेवटचा शब्द दाराच्या चौकटीवर चढला होता. ते कोण वाचत बसतंय! माणसाचं काम ऐकायचं, म्हणून वॉर्डबॉयांनी कानकाका नाव पाडलं आणि त्यांनी ते निमूट पत्करलं. कुणी प्रार्थना मागितली तर ज्याची जी असेल ती म्हणायचे. कुणाला देवाला शिव्या घालायच्या असल्या तर उठून दार लावून घ्यायचे. खोली म्हणाल तर चादरींच्या स्टोअरला लागून, दोन खुर्च्या आणि एक थर्मास मावेल एवढी.

सिस्टरांना असल्या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. दोनला ड्यूटी संपली तशा आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता खुर्चीच्या टोकावर टेकल्या. मेट्रननं पाठवलंय, अर्धा तास बसते, मग आल्याची सही द्या, म्हणाल्या. काकांनी दोन कप चहा ओतला. कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही. सिस्टरांनी अर्धा कप संपवला तरी काका आपले गप्प. वाट बघण्यात हा माणूस भलताच चिवट होता.

शेवटी सिस्टरच बोलल्या. दादा बोलत नाही, म्हणाल्या. बाकी काही खुपत नाही, कारण काही लागतच नाही. कमरेखाली भूल दिल्यावर पायाला चिमटा काढला तरी पेशंट छताकडे बघत राहतो, तशी गत झालीय. पण दादाचं तेवढं सुटत नाही. आई गेल्यावर माहेरचं असं ते एकच माणूस उरलंय. फोन केला की वहिनी उचलतात आणि ‘हे झोपलेत’ म्हणतात. दुपारी बारा वाजता कोण झोपतं हो?

झालं होतं ते असं. आईला शेवटी घरीच ठेवलं होतं आणि सिस्टरांनी रजा टाकून दीड महिना तिचं सगळं केलं. त्या दुपारी दादा औषध आणायला गेला आणि इकडे आई गेली. सिस्टरांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, डोळे मिटवले, हनुवटीला बँडेज बांधलं, चादर वर ओढली. मग दादाला फोन लावला. हॉस्पिटलात माणूस गेला तरी फोनवर तसं सांगत नाहीत. पलीकडचा गाडी चालवत असतो, रस्ता ओलांडत असतो. त्यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं, आणि अठ्ठावीस वर्षं तोंडात बसलेलं ते वाक्य सिस्टरांच्या तोंडून गेलं.

“तुमच्या पेशंटची तब्येत खालावली आहे. लगेच या.”

सख्ख्या भावाला! जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं, त्याला. आणि दादा बिचारा पळत सुटला, कारण खालावली म्हणजे अजून आहे. साठी उलटलेला माणूस तीन मजले एका दमात चढला, औषधाची पिशवी छातीशी धरून. दारातून बघतो तर चादर तोंडावर. म्हणजे फोन केला तेव्हाच हिला ठाऊक होतं. त्या घटकेपासून त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सिस्टर, मला हँडओव्हर द्या.”

ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट सोपवते, तो हँडओव्हर. कुणाचा, म्हणून सिस्टरांनी विचारलं. आईचा, काका म्हणाले.

सिस्टरांची पाठ आपोआप ताठ झाली. वय एक्क्याऐंशी. दीड महिना अंथरुणावर. दर दोन तासांनी कूस बदललेली, पाठीला जखम नाही. साडेतीनला दोन चमचे पाणी घेतलं, त्यानंतर काही नाही. तीन पन्नासला श्वास उथळ. चार दहाला नाडी थांबली. एका सुरात, न अडखळता सांगितलं त्यांनी.

“नातेवाईक कोण?”

“एक मुलगा. बाहेर गेलेला. फोनवर कळवलं.”

“अजून कोणी?”

“कोणी नाही.”

आपण काय बोललो ते सिस्टरांना जरा उशिरानं ऐकू आलं. त्यांनी पर्स खांद्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली.

“मी ड्यूटीवर होते ना,” त्या म्हणाल्या.

“होतात. आणि ड्यूटीवरून सोडवायला कुणी आलंच नाही,” काका म्हणाले. “आता पेशंट सोपवलात मला. तुमची ड्यूटी संपली.”

तुम्हाला वाटेल, बाई धाय मोकलून रडल्या. छे! नुसत्या बसून राहिल्या. कपातला उरलेला चहा प्यायल्या तेव्हा त्यात साखर नाही हे त्यांना कळलं, अर्धा कप आधी पोटात गेला होता तरी. त्यांनी फोन काढला तसे काका थर्मास उचलून बाहेर गेले.

वहिनी म्हणाल्या, हे झोपलेत. सिस्टर म्हणाल्या, उठवा त्याला, मी थांबते. बऱ्याच वेळानं पलीकडे श्वास ऐकू आला.

“दादा, आई गेली रे.”

जवळजवळ महिन्यापूर्वीची बातमी. दादा फोन आपटू शकला असता. किती वाजता गेली तेही सिस्टरांच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

“कुठे आहेस?” दादानं विचारलं.

हॉस्पिटलात, त्या म्हणाल्या.

“एकटीच?”

“हो.”

“येतो मी.”

“सावकाश ये,” सिस्टर म्हणाल्या. “पळू नकोस.”

मग त्या जिन्याजवळच्या लांब बाकावर जाऊन बसल्या. तिथं पेशंटचे नातेवाईक बसतात. अठ्ठावीस वर्षांत सिस्टर त्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या.